रॉक संगीताची कात्रणे

नियतकालिकांत रॉक संगीताविषयी छापून आलेल्या मुलाखती, परीक्षणे, छायाचित्रे, जाहिराती आणि दौऱ्यांची वेळापत्रके कापून, त्यांवर नोंदी करून, आयुष्यभर जपण्याचा छंद. सुरुवात बहुधा शाळकरी वयात, एखाद्या बँडच्या वेडापायी होते. वेड ओसरल्यावरही ज्यांची कात्री थांबत नाही, त्यांच्याकडेच खरा संग्रह उभा राहतो.

कात्रणांना खाद्य पुरवले ते मुख्यतः ब्रिटिश व अमेरिकी नियतकालिकांनी. ब्रिटनमध्ये ‘मेलडी मेकर’ १९२६ साली, ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ म्हणजेच ‘एनएमई’ १९५२ साली आणि ‘साउंड्स’ १९७० साली निघाले, ‘केरँग!’ १९८१ मध्ये ‘साउंड्स’ची पुरवणी म्हणून आले आणि मग स्वतंत्र झाले. अमेरिकेत ‘क्रॉडॅडी’ (१९६६), ‘रोलिंग स्टोन’ (१९६७) आणि डेट्रॉइटचे ‘क्रीम’ (१९६९) यांनी रॉकवर गंभीरपणे, कधी फटकळपणे, लिहिण्याची रीत पाडली. जर्मनीतल्या ‘ब्राव्हो’ने तर वाचकाच्या हाती कात्रीच दिली : १९५९ पासून त्यात कलावंतांची माणसाएवढी छायाचित्रे तुकड्यातुकड्यांनी छापली जात. दर अंकातला तुकडा कापायचा, आधीच्या तुकड्यांना जोडायचा आणि पुढच्या अंकाची वाट पाहायची. एक अंक हुकला की आवडत्या ताऱ्याचा गुडघा कायमचा गायब!

कापण्यातला खरा पेच मागच्या बाजूचा असतो. पुढची मुलाखत वाचवताना मागचा मजकूर अर्धवट तुटतो, आणि पुष्कळदा तोच पुढे मोलाचा ठरतो. ‘मेलडी मेकर’च्या छोट्या जाहिराती हे याचे ठळक उदाहरण. ड्रमवादक बिल ब्रुफर्ड १९६८ मध्ये आणि गिटारवादक स्टीव्ह हॅकेट १९७० मध्ये या साप्ताहिकात जाहिरात देऊनच अनुक्रमे ‘येस’ आणि ‘जेनेसिस’ या ब्रिटिश बँडच्या मंडळींपर्यंत पोहोचले. त्या काळी अशी चार ओळींची जाहिरात कोण कापून ठेवणार? म्हणून जाणते संग्राहक एकतर अंकाच्या दोन प्रती घेतात, नाहीतर लेख न छाटता पूर्ण पानच काढतात. चौकट कापून रिकाम्या कागदावर डकवलेले कात्रण दिसते सुबक. अभ्यासाला मात्र कडा न छाटलेले पानच बरे.

त्याहून मोठी चूक म्हणजे तारीख न लिहिणे. नियतकालिकाचे नाव, अंकाची तारीख आणि पृष्ठक्रमांक नसलेले कात्रण हे केवळ चित्र उरते. ही नोंद शाईच्या पेनाने नव्हे, मऊ पेन्सिलीने समासात करतात, कारण शाई कागदात उतरते आणि ओल लागली की पसरते.

कागद हा या छंदाचा जुना वैरी. वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन हे लाकडातले द्रव्य प्रकाश व हवेने पिवळे पडते आणि आम्ल वाढून कागद ठिसूळ होतो. असे कात्रण शेजारच्या चांगल्या कागदावरही तपकिरी डाग पाडते. गुळगुळीत आर्ट पेपर सहसा तितका पिवळा पडत नाही, पण भिजला तर त्यावरच्या चिनी मातीच्या लेपामुळे पाने एकमेकांना घट्ट चिकटतात. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरांत झिरपतो, टाचण्या गंजतात आणि पीव्हीसी या प्लास्टिकची पाकिटे आम्लवायू सोडतात. उपाय साधे आहेत : पॉलिएस्टरची पाकिटे, आम्लरहित फोल्डर, अंधारी व कोरडी जागा, आणि फार नाजूक कात्रणाची आम्लरहित कागदावर झेरॉक्स. चिकटवही दिसायला कितीही देखणी असली तरी कात्रणांचे आयुष्य तीच कमी करते.

मांडणीबद्दल संग्राहकांत एकमत नाही. बँडवार लावले की सापडायला सोपे. पण गायकाने बँड बदलला, की त्याचे कात्रण कुठे ठेवायचे? तारखेनुसार लावणे रुक्ष वाटते, तरी एकाच आठवड्यात कोण कुणाविषयी काय बोलत होते, हे त्यातूनच कळते. बहुतेक जण बँडवार फाइली ठेवून तारखांची वेगळी सूची करतात.

‘मेलडी मेकर’ २००० च्या अखेरीस ‘एनएमई’त विलीन झाले आणि २०१८ मध्ये ‘एनएमई’चा साप्ताहिक छापील अंकही थांबला. दरम्यान ‘रॉक्स बॅकपेजेस’ या संकेतस्थळाने २००१ पासून जुने लेख हक्कधारकांच्या परवानगीने उपलब्ध करून दिले. तिथे लेखांचा मजकूर मिळतो; पानाची मांडणी, जाहिराती आणि शेजारच्या बातम्या पाहायच्या तर मूळ पानच लागते. घरच्या संग्राहकाने मात्र एक भान ठेवावे लागते : कात्रण त्याच्या मालकीचे असले तरी लेख व छायाचित्र यांचे हक्क त्याचे नसतात, आणि छायाचित्राचा हक्क अनेकदा नियतकालिकाकडे नसून छायाचित्रकाराकडे असतो.