ऑगस्ट १९६८ ची शेवटची वाफ आणि ऑक्टोबरमधलं एक गाणं

किंक्स या ब्रिटिश रॉक बँडचं 'लास्ट ऑफ द स्टीम-पॉवर्ड ट्रेन्स' हे गाणं आवडणारे लोक मला कायम दोन गटात दिसतात. एक रॉकवाले, ते त्या रिफवर, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्यावर, खुश असतात, आणि दुसरे रेल्वेवाले, त्यांना नावात स्टीम दिसलं की पुरतं. मी दोन्हीकडचा आहे, आणि मला मनापासून वाटतं की या गाण्यातली खरी गंमत कळायला १९६८ सालचे तीन महिने माहीत पाहिजेत, ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबर. त्यासाठी हे सगळं लिहितोय, थोडं लांबेल.

सुरुवात जरा मागून करावी लागते. १९४८ ला ब्रिटनमधल्या मोठ्या खाजगी रेल्वे कंपन्या सरकारने घेतल्या आणि ब्रिटिश रेल्वेज झाली, तेव्हा त्यांच्याकडे वीस हजारांच्यावर वाफेची इंजिनं होती. युद्धानंतर हातात पैसा नाही, कोळसा देशातच निघतो, तेल मात्र बाहेरून आणायचं, त्यामुळे १९५१ पासून त्यांनी नवीन डिझाइनची पण वाफेचीच इंजिनं बांधायला घेतली, एकूण ९९९ बांधली. आणि ती बांधून व्हायच्या आतच १९५५ ला मॉडर्नायझेशन प्लॅन आला की आता सगळं डिझेल आणि इलेक्ट्रिक करायचं. म्हणजे एका हाताने इंजिन बांधतायत आणि दुसऱ्या हाताने त्याच्या मोडीची तारीख लिहितायत. त्यातलं शेवटचं, 'इव्हनिंग स्टार', नंबर ९२२२०, मार्च १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडलं आणि १९६५ ला सर्व्हिसमधून काढलं. जे मशीन सहज तीस-चाळीस वर्षं चाललं असतं ते पाच वर्षांत बाद, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण स्टीम गेली ती फक्त कागदावरच्या प्लॅनमुळे नाही हे पण सांगायला पाहिजे. १९५६ ला तिकडे धुराविरुद्ध क्लीन एअर अ‍ॅक्ट आला होता, आणि मुख्य म्हणजे हे काम करायला माणसं मिळेनाशी झाली होती. पहाटे उठून इंजिनांच्या शेडमध्ये जायचं, फायरबॉक्समधली राख ओढायची, बॉयलर धुवायचा, आणि कारखान्यात त्याहून जास्त पगार नि रात्री घरी झोपायला मिळतंय, मग तरुण पोरगा कशाला येईल. हे मला पुस्तक वाचून नाही कळलं. माझे आजोबा भुसावळला फायरमन होते, बेलच्याने कोळसा मारून मारून त्यांच्या उजव्या तळहातावर अंगठ्याखाली एक घट्टा पडला होता, पिवळट, खिळ्याच्या डोक्याएवढा, तो रिटायर झाल्यावर वीस वर्षांनी पण गेला नव्हता. ते वाफेच्या आठवणीने कधी हळवे झालेले मी पाहिले नाहीत. ते म्हणायचे, "डिझेल आलं आणि मी पहिल्यांदा पांढरा शर्ट घालून ड्युटीवर गेलो रे." त्यामुळे इंग्लंडमधल्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना काय वाटत असेल याचा मला अंदाज आहे.

मधे ब्रिटिश रेल्वेजचे तेव्हाचे प्रमुख बीचिंग साहेब येऊन गेले. मार्च १९६३ चा त्यांचा रिपोर्ट, २३६३ स्टेशनं आणि साधारण पाच हजार मैल लाइन बंद करा असं सांगणारा, त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी इथे थांबत नाही. एवढंच लक्षात ठेवा की त्या दशकात ब्रिटनमधल्या बऱ्याच गावांचं इंजिन गेलं, स्टेशन गेलं आणि मग रूळसुद्धा उचलले गेले. किंक्सचा गायक आणि हे गाणं लिहिणारा रे डेव्हिस ज्या भागात वाढला त्या लंडनच्या मझवेल हिलचं तर त्याच्याही आधी झालं होतं, तिथल्या छोट्या ब्रँच लाइनवरच्या पॅसेंजर गाड्या १९५४ लाच बंद पडल्या, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. आज त्या जुन्या लाइनवरून लोक चालायला जातात.

आता ऑगस्ट. १९६८ च्या उन्हाळ्यात वाफेची इंजिनं उरली होती ती फक्त लँकशरच्या कोपऱ्यात, कार्नफोर्थ, लॉस्टॉक हॉल आणि रोझ ग्रोव्ह या तीन शेडमध्ये. ३ ऑगस्टला शेवटच्या नेहमीच्या पॅसेंजर गाड्या धावल्या आणि ११ ऑगस्टला, रविवारी, ब्रिटिश रेल्वेजने निरोपाची एक स्पेशल सोडली, लिव्हरपूलहून मँचेस्टर, तिथून कार्लाइल आणि परत. तिकीट १५ गिनी, म्हणजे १५ पौंड १५ शिलिंग, साध्या कामगाराच्या आठवड्याच्या पगारातला बराचसा भाग त्यात गेला असता, त्यामुळे तिचं नावच फिफ्टीन गिनी स्पेशल पडलं. ज्यांना परवडलं ते गाडीत होते आणि बाकीचे पुलांवर, बांधांवर, शेतात उभे होते. सेटल-कार्लाइल लाइनवर सगळ्यात उंच जागा आहे आइस गिल, तिथे फोटोसाठी गाडी थांबवली, आणि त्या ओसाड डोंगरात एवढी माणसं जमली होती की त्या दिवशीचे फोटो बघताना इंजिन शोधावं लागतं.

चार इंजिनं वापरली त्या दिवशी. त्यातलं ४५११० हे लिव्हरपूल ते मँचेस्टर आणि येताना पुन्हा मँचेस्टर ते लिव्हरपूल, म्हणजे सुरुवात पण त्याची आणि शेवट पण त्याचा. आणि हे इंजिन १९३५ ला बांधलं होतं व्हल्कन फाउंड्रीत, न्यूटन-ल-विलोजला. हे वाचलं तेव्हा मी उठून दोन फेऱ्या मारल्या घरात, कारण १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तिची इंजिनं याच व्हल्कन फाउंड्रीतून आलेली. आपल्याकडे ज्या कारखान्याने आगगाडी सुरू केली, त्यांच्याकडे त्याच कारखान्याच्या इंजिनाने ती थांबवली, आणि ती शेवटची गाडी त्या कारखान्याच्या जवळूनच गेली! ४५११० आजही जपून ठेवलेलं आहे. त्याच्या सोबतच्या ४४७८१ च्या नशिबात मात्र ते नव्हतं, त्याला एका सिनेमाच्या शूटिंगसाठी रुळावरून पाडलं आणि मग भंगारात काढलं.

दुसऱ्या दिवसापासून ब्रिटिश रेल्वेजच्या मेन लाइनवर वाफेला बंदी. 'फ्लाइंग स्कॉट्समन' या प्रसिद्ध इंजिनाला सूट होती कारण तिच्या मालकाने आधीच करार करून ठेवला होता, बाकी सगळी बंद.

आणि आता सप्टेंबर, जो बहुतेक जण विसरतात. साउथ वेल्समध्ये बॅरीला वुडहॅम ब्रदर्सचं भंगाराचं यार्ड होतं, तिथे ब्रिटिश रेल्वेजने विकलेली २९७ इंजिनं येऊन पडली होती. मालक डाय वुडहॅम आधी वॅगन तोडायला घ्यायचा कारण ते काम सोपं, इंजिनं नंतर बघू, आणि त्या 'नंतर बघू' मुळे ती समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत पण अख्खी उभी राहिली. सप्टेंबर १९६८ ला त्यातलं पहिलं इंजिन, ४३९२४, हौशी लोकांनी पैसे गोळा करून विकत घेतलं आणि यॉर्कशरला कीथ्ली अँड वर्थ व्हॅली रेल्वेवर नेलं, ती लाइन पण हौशींनीच त्याच वर्षी जूनमध्ये पुन्हा सुरू केलेली. पुढे बॅरीहून एकूण २१३ इंजिनं अशी सोडवली गेली. म्हणजे सरकारने निरोप दिल्याला दीड महिना पण झाला नव्हता आणि लोकांनी उलट्या बाजूने सुरुवात केली होती.

आणि ऑक्टोबर १९६८ ला लंडनच्या पाय (Pye) स्टुडिओत किंक्सने हे गाणं रेकॉर्ड केलं.

किंक्स म्हणजे १९६४ चे 'यू रिअली गॉट मी' वाले, ज्यात रे चा भाऊ, गिटारवाला डेव्ह डेव्हिसने अँप्लिफायरच्या स्पीकरला ब्लेड मारून तो फाटका आवाज काढला होता. १९६५ च्या अमेरिका टूरनंतर तिथल्या म्युझिशियन युनियनने त्यांना चार वर्षं अमेरिकेत वाजवू दिलं नाही. सगळे ब्रिटिश बँड तिकडे जात असताना हे घरीच राहिले आणि रे डेव्हिस घराबद्दल लिहायला लागला, गावाची हिरवळ, जुने फोटो, शाळेतला हरवलेला मित्र. त्यातूनच 'द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी' हा अल्बम झाला. सप्टेंबरमध्ये तो बारा गाण्यांचा तयार होता, युरोपात काही ठिकाणी तो तसाच निघाला पण, पण रेने ब्रिटनमध्ये थांबवला आणि अजून गाणी घालून पंधरा केली. ट्रेनचं गाणं या शेवटच्या भरतीतलं आहे! फिफ्टीन गिनी स्पेशल जाऊन दोन महिने झाले होते, पेपर निरोपाच्या फोटोंनी भरून गेले होते, आणि ते रे च्या डोक्यात नसेल असं मला तरी वाटत नाही.

आता रिफ. तो अमेरिकन ब्लूज गायक हाउलिन वुल्फच्या १९५६ च्या 'स्मोकस्टॅक लाइटनिंग' वरून आलाय हे ऐकल्या ऐकल्या कळतं, लपवायचा प्रयत्नच नाही. वुल्फने सांगितलंय की ते लहानपणी गावाकडे बसून रात्री जाणाऱ्या गाड्या बघायचे, धुरांड्यातून ठिणग्या उडायच्या, तीच ती नावातली वीज, म्हणजे लाइटनिंग. हे गाणं १९६३-६४ ला लंडनच्या क्लबांमध्ये प्रत्येक आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) वाजवणारा पोरगा वाजवायचा, यार्डबर्ड्सच्या आणि मॅनफ्रेड मॅनच्या पहिल्या अल्बमवर ते आहेच, किंक्स पण त्याच क्लबांमधून आलेले. १९६८ पर्यंत ती क्लबची लाट ओसरली होती, त्यातली पोरं कुठच्या कुठे गेली होती, कोणी सायकेडेलिक, कोणी स्टार. म्हणजे रे ने काय केलं, शेवटच्या वाफेच्या इंजिनाचं गाणं लिहिलं आणि त्याला चाल पण अशाच एका मागे पडलेल्या इंजिनाची दिली. गाण्यातलं इंजिन स्वतः बोलतं, म्हणतं माझे सगळे मित्र गेले, सुधारले, सभ्य झाले, मी एकटा उरलोय, म्युझियममध्ये राहतो. ते रेल्वेबद्दल जेवढं आहे तेवढंच त्या क्लबातल्या पोरांबद्दल आहे, निदान मी तरी गेली कित्येक वर्षं तसंच ऐकतोय.

आणि म्हणूनच याला नुसतं गोड नॉस्टॅल्जियाचं गाणं म्हटलं की मला पटत नाही. नीट ऐका, रे चा माउथ ऑर्गन शिट्टीसारखा येतो, मिक एव्हरीचा ड्रम आधी घाट चढणाऱ्या मालगाडीसारखा जड चालतो, आणि पुढे मधेच बँड वेग धरतो, असा की आता हे म्युझियमचं दार तोडून बाहेर येणार. हेडफोन लावून डेव्हची गिटार आणि पीट क्वेफचा बेस त्या जागी एकमेकांना कसे ढकलतात ते ऐका. हे रडणारं इंजिन नाहीये, बॉयलर भरलेला आहे आणि ते नुसतं उभं केलंय म्हणून चिडलंय.

अल्बम ब्रिटनमध्ये २२ नोव्हेंबर १९६८ ला आला, त्याच दिवशी बीटल्सचा तो पांढऱ्या कव्हरचा डबल अल्बम पण आला, आणि किंक्सचा चार्टवर लागलाच नाही. क्वेफ काही महिन्यांनी बँड सोडून गेला, त्यामुळे मूळ चौघांचा हा शेवटचा अल्बम. १९६९ ला बंदी उठून ते अमेरिकेत गेले तेव्हा स्टेजवर हे गाणं घ्यायचे, चांगलं लांबवून. पन्नास वर्षांनी, २०१८ ला, त्याच अल्बमला ब्रिटनमध्ये गोल्ड डिस्क मिळाली, एक-एक करून विकत घेणाऱ्यांच्या जिवावर. त्याच्या दहा वर्षं आधी रेल्वेवाल्यांनी 'टॉर्नेडो' हे कोरं करकरीत वाफेचं इंजिन वर्गणी काढून स्वतः बांधून मेन लाइनवर आणलं होतं, कारण त्या क्लासचं एकही उरलं नव्हतं.

ऐकायचं असेल तर पंधरा गाण्यांचीच आवृत्ती लावा, बारावालीत हे गाणं नाही, ती ऑक्टोबरच्या आधीची आहे.