दोन टोकांमधला करार : व्हीपीएनचा बोगदा कसा उभा राहतो

मुख्य कार्यालयात एक राउटर आहे, दूरच्या शाखेत दुसरा आहे, आणि शाखेतल्या संगणकांना कार्यालयातल्या सर्व्हरवरच्या फाइली जणू एकाच इमारतीत बसल्यासारख्या मिळाव्यात, अशी अपेक्षा आहे. व्हीपीएनची, म्हणजे आभासी खासगी जाळ्याची, गरज बहुधा याच रूपात पुढे येते. व्हीपीएन म्हणजे गुप्तता हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसलेले असले, तरी इथली पहिली अडचण गुप्ततेची नसून पत्त्यांची आहे. १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी कशानेही सुरू होणारे आयपी पत्ते १९९६च्या इंटरनेट मानकानुसार खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते कोणीही आपल्या जाळ्यात वापरू शकतो, आणि म्हणूनच सार्वजनिक इंटरनेटवर त्यांना काही अर्थ उरत नाही. शाखेतल्या १०.२०.०.१५ या संगणकाने कार्यालयातल्या १०.३०.०.७ या सर्व्हरसाठी पाठवलेले पॅकेट, म्हणजे पत्ता लिहिलेला माहितीचा तुकडा, जसेच्या तसे बाहेर सोडले, तर ते कुठे पोहोचवायचे हे वाटेतला कोणताही राउटर सांगू शकणार नाही.

यावरचा उपाय म्हणजे एका लखोट्यात दुसरा लखोटा घालणे. शाखेच्या राउटरवर व्हीपीएनचे सॉफ्टवेअर एक आभासी इंटरफेस, म्हणजे जोडणीचे तोंड, तयार करते. त्याला तार जोडलेली नसते. त्यात शिरलेले पॅकेट थेट त्या सॉफ्टवेअरच्या हाती पडते. सॉफ्टवेअर संपूर्ण पॅकेट, त्यावरच्या खासगी पत्त्यांसकट, कूटबद्ध करते, त्याला नवे हेडर, म्हणजे पत्त्यांची पट्टी, जोडते आणि त्यावर दोन्ही राउटरांचे सार्वजनिक पत्ते लिहून ते नेहमीच्या इंटरनेट जोडणीवरून रवाना करते. कार्यालयाचा राउटर बाहेरचे आवरण काढतो, आतले पॅकेट उलगडतो आणि आपल्या जाळ्यात सोडून देतो. १०.३०.०.७ ला ते पॅकेट शेजारच्या खोलीतून आल्यासारखेच दिसते.

या व्यवस्थेला बोगदा म्हणतात, पण मधल्या मार्गावर काहीही बांधलेले नसते. वाटेतल्या राउटरांना हा बोगदा आहे याची कल्पनाच नसते. एखादा राउटर बंद पडला तर बाहेरची पॅकेटे दुसऱ्या वाटेने जातात आणि टोकांना ते कळतही नाही. बोगदा असतो तो दोन्ही टोकांच्या स्मृतीत : कोणत्या किल्ल्या वापरायच्या, पलीकडचा पत्ता कोणता, कोणती पॅकेटे आत घालायची. तो उभारणे म्हणजे या तपशिलांवर दोन उपकरणांचे एकमत घडवून आणणे, आणि तो बिघडतो तेव्हा जवळजवळ नेहमीच यांपैकी एखाद्या तपशिलावर दोघांचे मतभेद झालेले असतात.

या दोन राउटरांपैकी एक क्लायंट, म्हणजे जोडणी मागणारा, आणि दुसरा सर्व्हर, म्हणजे ती स्वीकारणारा, का लागतो? कारण दोघांपैकी एकाला दुसऱ्याचे दार ठोठवावे लागते आणि दार सापडण्याजोगे असावे लागते. शाखेची जोडणी बहुधा पुरवठादाराच्या पत्ता-बदल यंत्रणेच्या, म्हणजे नॅटच्या, आड असते. तिचा सार्वजनिक पत्ता इतर ग्राहकांबरोबर वाटून घेतलेला असतो आणि बाहेरून आलेले अनाहूत पॅकेट तिथवर पोहोचत नाही. म्हणून ज्या टोकाला स्थिर सार्वजनिक पत्ता आहे आणि ज्याच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नको ती वाहतूक अडवणाऱ्या पहाऱ्यात, एक पोर्ट, म्हणजे क्रमांकाचे दार, उघडता येतो, ते टोक सर्व्हर होते आणि वाट पाहत बसते. पहिले पाऊल क्लायंट उचलतो. बाहेर जाणाऱ्या त्या पहिल्या पॅकेटमुळे नॅटमध्ये एक तात्पुरती नोंद होते आणि उत्तराला आत येण्याची वाट मिळते. संवाद थांबला की ही नोंद पुसली जाते. शाखेतून कार्यालयात सहज जाता येते, पण काही वेळ शांततेत गेल्यावर कार्यालयातून शाखेत पोहोचता येत नाही, या तक्रारीचे मूळ बहुतेकदा इथेच सापडते. वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीत अशा वेळी क्लायंटने दर २५ सेकंदांनी एक रिकामे पॅकेट पाठवत राहावे, अशी सोय आहे.

आता किल्ल्यांकडे वळू. ज्या दोघांनी आधी कोणतेही गुपित वाटून घेतलेले नाही, त्यांनी सगळ्यांच्या देखत बोलून एक सामायिक गुपित कसे ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. लहान आकडे घेऊन ते पडताळून पाहता येते. १७ आणि ३ हे दोन आकडे सर्वांना माहीत आहेत. क्लायंट मनात ७ धरतो, ३ चा सातवा घात काढतो, तो २,१८७ येतो. त्याला १७ ने भागून उरलेली बाकी, ११, तो उघडपणे पाठवतो. सर्व्हर मनात ६ धरतो. ३ चा सहावा घात ७२९, बाकी १५, तीही उघडपणे जाते. क्लायंट १५ चा सातवा घात काढून १७ ने भागतो, सर्व्हर ११ चा सहावा घात काढून १७ ने भागतो, आणि दोघांनाही बाकी ८ मिळते. ऐकणाऱ्याला १७, ३, ११ आणि १५ कळले, पण ८ कोणी उच्चारलेच नाहीत. एवढ्या लहान आकड्यांत तो सगळ्या शक्यता तपासून क्षणात उत्तर काढेल. प्रत्यक्षात मात्र हेच गणित प्रचंड संख्यांवर किंवा विशिष्ट वक्रांवरच्या बिंदूंवर केले जाते आणि तिथे उलट दिशेने जाण्याची व्यवहार्य रीत आजच्या संगणकांना ठाऊक नाही.

या देवाणघेवाणीत एक मोठी उणीव आहे. पलीकडे बोलणारा खरोखर आपलाच सर्व्हर आहे, की मध्येच कोणी तोतया उभा राहून दोन्हीकडे वेगवेगळी गुपिते ठरवतो आहे, हे तिच्यातून कळत नाही. म्हणून ओळख पटवण्याची निराळी सोय करावी लागते. ओपनव्हीपीएन या दुसऱ्या प्रणालीत ती सहसा प्रमाणपत्रांनी होते : एक विश्वासू अधिकारी, जो आपल्याच संस्थेचा असू शकतो, प्रत्येक उपकरणाच्या किल्लीवर सही करतो. वायरगार्डमध्ये प्रमाणपत्रे नाहीतच. प्रत्येक उपकरणाची एक खासगी आणि एक सार्वजनिक किल्ली असते, आणि दोन्ही टोकांवर दुसऱ्याची सार्वजनिक किल्ली आधीच हाताने नोंदवून ठेवतात. ही किल्ली ३२ बाइटची, लिहून काढली तर ४४ अक्षरांची असते. मोजक्या शाखांसाठी ही दुसरी रीत मला अधिक पसंत आहे, कारण तिच्यात बिघडण्यासारखे फार थोडे आहे. शेकडो उपकरणे असतील आणि माणसे येत-जात असतील, तर मात्र प्रमाणपत्रांची शिस्तच कामी येते.

वायरगार्डची ओळख-परेड दोन संदेशांत आटोपते. क्लायंट १४८ बाइटचा संदेश पाठवतो, सर्व्हर ९२ बाइटने उत्तर देतो आणि सत्राच्या किल्ल्या दोन्हीकडे तयार होतात. बोगद्यातून वाहतूक चालू असेल तर साधारण दोन मिनिटांनी हा विधी पुन्हा होतो आणि जुन्या किल्ल्या नष्ट केल्या जातात, त्यामुळे उद्या एखाद्या राउटरची कायमची किल्ली चोरीला गेली, तरी आज टिपून ठेवलेली वाहतूक तिने उलगडत नाही. अनोळखी पॅकेटला सर्व्हर नकारही देत नाही, गप्प राहतो. पोर्ट चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताच लागत नाही.

इथे घड्याळाचा विषय निघतो, आणि तो कोणाच्या फारसा लक्षात येत नाही. अनेक लहान राउटरांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली आणि आली की ते एखाद्या जुन्या तारखेपासून वेळ मोजू लागतात. अशा राउटरला सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून लागू न झालेले दिसते आणि तो ते नाकारतो. वायरगार्डमध्ये उलट घडते : क्लायंटच्या पहिल्या संदेशात वेळेचा शिक्का असतो आणि तो आधीच्या शिक्क्यापेक्षा पुढचा नसेल, तर कोणीतरी जुना संदेश पुन्हा वाजवतो आहे असे समजून सर्व्हर तो फेकून देतो. किल्ल्या बरोबर, पत्ते बरोबर, तरीही बोगदा उभा राहत नाही. त्यात अचूक वेळ देणारा सर्व्हर बोगद्याच्या पलीकडे ठेवला असेल, तर वेळेशिवाय बोगदा नाही आणि बोगद्याशिवाय वेळ नाही, असा पेच पडतो. वेळ जुळवण्याची वाट बोगद्याबाहेरूनच ठेवली पाहिजे.

किल्ल्या जुळल्या म्हणून काम झाले असे नाही, कारण कोणते पॅकेट बोगद्यात घालायचे हे राउटिंग टेबल, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या वाटेने याची यादी, ठरवते. दोन्ही ठिकाणच्या राउटरांनी मुळातले १९२.१६८.१ हेच जाळे ठेवले असेल, तर शाखेतल्या संगणकाला १९२.१६८.१.२० हा पत्ता आपल्याच खोलीतला वाटतो आणि पॅकेट राउटरकडे येतच नाही. यावर एका बाजूचे पत्ते बदलणे हाच सरळ उपाय आहे. दुसरी चूक परतीच्या वाटेची. शाखेकडून पॅकेट कार्यालयातल्या फाइलींच्या सर्व्हरपर्यंत पोहोचते, पण १०.२०.० हे जाळे बोगद्यापलीकडे आहे हे तिकडे कोणालाच सांगितलेले नसते, आणि उत्तर भलत्याच दिशेने निघून जाते. वायरगार्डमध्ये प्रत्येक किल्लीसमोर तिला मान्य असलेल्या पत्त्यांची यादी लिहावी लागते आणि ती यादी दुहेरी काम करते : बाहेर पडणारे पॅकेट कोणाच्या किल्लीने बंद करायचे हे ती सांगते, आणि आत आलेल्या पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता त्या किल्लीला शोभतो का, हेही तपासते.

शाखेची सगळीच वाहतूक बोगद्यातून न्यायची असेल, तर एक गमतीदार कोडे उभे राहते. सर्व पॅकेटे आत घाला असा नियम केला, तर बोगद्याची स्वतःची बाहेरची पॅकेटेही त्याच नियमात सापडतात आणि पुन्हा आतच जाऊ पाहतात. म्हणून सर्व्हरच्या सार्वजनिक पत्त्यासाठी एक स्वतंत्र, जुन्या वाटेने जाणारा मार्ग नोंदवतात. ओपनव्हीपीएन यापुढे जाऊन सगळे इंटरनेट दोन अर्ध्या भागांत वाटून दोन मार्ग लिहिते. अधिक नेमका मार्ग आधी निवडला जातो या नियमामुळे हे दोन अर्धे मार्ग मूळच्या सर्वसाधारण मार्गावर मात करतात आणि तो मात्र जागच्या जागी शाबूत राहतो. बोगदा बंद झाला की दोन ओळी पुसायच्या, बस.

सर्वांत जास्त वेळ खाणारा बिघाड मात्र आकारमानाचा असतो. इथरनेटवरून एका वेळी जाणारे आयपी पॅकेट सहसा १,५०० बाइटचे असते. बाहेरच्या आवरणाला जागा लागते : आयपी हेडर जुन्या आवृत्तीचे असेल तर २० बाइट, सहाव्या आवृत्तीचे असेल तर ४०, यूडीपीचे, म्हणजे पोच न मागता पाठवण्याच्या पद्धतीचे, ८, वायरगार्डचे स्वतःचे ३२. मोठ्यात मोठी बेरीज ८० होते आणि म्हणून वायरगार्डच्या इंटरफेसची मर्यादा १,४२० अशी ठरलेली दिसते. आतले पॅकेट याहून मोठे असेल आणि त्याचे तुकडे करायला मनाई असेल, तर राउटरने पाठवणाऱ्याला तसा निरोप द्यायचा असतो. हा निरोप आयसीएमपी, म्हणजे जाळ्यातल्या अडचणी कळवणाऱ्या संदेशांच्या, प्रकारचा असतो, आणि सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट अडवणारे फायरवॉल काही कमी नाहीत. मग पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येते का हे पाहणारे छोटे पॅकेट, चालतो, लॉगिनची खिडकी उघडते, आणि मोठी फाइल मागितली की सगळे गोठते. लहान पॅकेटे पार होतात, मोठी वाटेत नाहीशी होतात, आणि कोणीच कोणाला काही कळवत नाही. आयसीएमपीचा हा निरोप मोकळा सोडणे हा खरा उपाय. ते आपल्या हाती नसेल, तर टीसीपी, म्हणजे हरवलेले पुन्हा पाठवणाऱ्या पद्धतीची, जोडणी सुरू होतानाच दोन्ही टोकांना जाहीर होणारा तुकड्याचा आकार राउटरने १,३८० पर्यंत खाली आणावा, म्हणजे ४० बाइटची हेडरे धरून पॅकेट मर्यादेत बसते.

बाहेरचे आवरण यूडीपीचे असण्यालाही कारण आहे. आत टीसीपी आणि बाहेरही टीसीपी ठेवले, तर एक पॅकेट हरवताच दोन्ही थर आपापल्या परीने ते पुन्हा पाठवू लागतात, आणि खराब जोडणीवर दोघांची घाई एकमेकांना बुडवते. फक्त टीसीपीलाच वाट देणाऱ्या जाळ्यातून सुटायचे असेल, तेव्हाच तो मार्ग पत्करावा.

कोणती प्रणाली निवडावी याबद्दल फार वाद घालण्याचे कारण नाही. पीपीटीपी ही जुनी प्रणाली टाळावी; तिच्यात वापरली जाणारी ओळख-पद्धत २०१२ मध्ये पूर्णपणे फोडून दाखवण्यात आली. आयपीसेकची पहिली मानके १९९५ ची, ती जवळपास प्रत्येक व्यावसायिक राउटरमध्ये आहे, आणि दोन वेगळ्या उत्पादकांची उपकरणे जोडायची असतील तर बहुधा तीच पदरी पडते. ओपनव्हीपीएन २००१ मध्ये आले आणि कुठेही चालते. वायरगार्ड २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून कर्नेलचाच, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याचाच, भाग झाले. त्याचा मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा, म्हणजे एका माणसाने बसून वाचता येईल एवढा आहे.

कोणतीही निवडली, तरी कूटलेखन फक्त दोन टोकांच्या दरम्यान असते. सर्व्हरवर पॅकेट उलगडले जाते आणि तो राउटर ज्याच्या ताब्यात आहे त्याला आतले पत्ते दिसतात. मजकूर वेगळा कूटबद्ध नसेल तर तोही दिसतो. वाटेत बसलेल्याला मजकूर कळत नाही, पण कोण कोणाशी, केव्हा आणि साधारण किती बोलते आहे, हे तो मोजू शकतो.

उभारलेला बोगदा खालच्या थरापासून तपासत जावा. शेवटची ओळख-परेड केव्हा झाली ते आधी पाहावे. ती झालीच नसेल तर पत्ता, पोर्ट, किल्ली आणि घड्याळ यांपलीकडे शोधू नये. मग राउटरच्या बाहेरच्या इंटरफेसवर पॅकेटे टिपून पाहावीत : तिथे केवळ दोन सार्वजनिक पत्त्यांमधली यूडीपी वाहतूक दिसली पाहिजे, आणि १०.२०.०.१५ हा पत्ता एकदाही दिसता कामा नये. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या संगणकांवरून, राउटरवरून नव्हे, एकमेकांना पिंग करावे, म्हणजे परतीची वाटही तपासली जाते. शेवटी तुकडे करण्यास मनाई करून १,३९२ बाइटचा पिंग पाठवावा. त्यात २८ बाइटची हेडरे मिळवली की नेमके १,४२० होतात. तो पार झाला आणि १,३९३ चा अडून "पॅकेट फार मोठे आहे" असे उत्तर परत आले, तर आकाराचा हिशेबही जुळला आणि निरोपाची वाटही मोकळी आहे. १,३९३ ला काहीच उत्तर आले नाही, तर कुठलातरी फायरवॉल तो निरोप गिळतो आहे.