शास्त्री जोशी दोन, संस्कृतीही दोन

‘मराठी विश्वकोशाचे संपादक महादेवशास्त्री जोशी’ असे चुकीचे वाक्य मी प्रबंधांच्या संदर्भसूचींत, स्मरणिकांतील लेखांत आणि व्याख्यानांच्या प्रास्ताविकांत इतक्या वेळा वाचले व ऐकले आहे की, आता ते नजरेआड करणे मला जमत नाही. याच्या उलट चूकही तितकीच रुळली आहे. ‘भारतीय संस्कृतिकोश’ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावावर सर्रास टाकला जातो. दोघांच्या नावात ‘शास्त्री’ आहे, दोघांचे आडनाव जोशी आहे आणि दोघांनी बहुखंडी कोशांचे संपादन केले आहे, त्यामुळे घोटाळा होण्यास जागा आहे हे मान्य करावे लागेल. परंतु ज्या दोन माणसांनी आयुष्याची कित्येक वर्षे एकेका कोशासाठी खर्ची घातली, त्यांचे श्रम एकमेकांच्या खात्यावर मांडले जावेत, हे मला फार अन्यायाचे वाटते.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (1901–1994) बहुतेक वाचकांना परिचित आहेत. जन्म खानदेशातील पिंपळनेरचा, शिक्षण वाईच्या प्राज्ञपाठशाळेत, गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याला शास्त्राधार पुरवणारे पंडित, पुढे क्रांतिकारक विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांचे सहकारी, 1954 च्या दिल्ली येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि विश्वकोशाचे प्रमुख संपादक, एवढे सांगून पुढे जाता येईल.

महादेवशास्त्री जोशी (1906–1992) यांच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्यांचे नाव आज दुसऱ्या नावाच्या छायेत गेले आहे. ते गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आंबेडे गावचे. मराठी वाचकाला ते प्रथम कथाकार म्हणून माहीत झाले. गोव्यातील देवळे, कुळागरे म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा, भटभिक्षुक आणि कलावंतिणींची घरे यांचे जग त्यांनी ज्या आपुलकीने कथेत आणले, तिला तोड नाही. ‘कन्यादान’ आणि ‘मानिनी’ हे मराठी चित्रपट त्यांच्याच कथांवर आधारलेले आहेत. त्यांच्या पत्नी सुधाताई जोशी यांनी 1955 मध्ये म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवा या गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या संघटनेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि त्यासाठी पोर्तुगीजांचा तुरुंगवास सोसला. त्याच वर्षी साहित्य अकादमीचा मराठीतील पहिला पुरस्कार लक्ष्मणशास्त्री जोशी यांना मिळाला. एकाच वर्षी दोन्ही जोशी घरांची नावे वृत्तपत्रांत आली, पण किती भिन्न कारणांनी!

जन्मगाव, जन्मवर्ष, पदव्या हे फरक कोणत्याही चरित्रकोशात सापडतात आणि त्यांच्यावरून कोणी फारसे चुकत नाही. खरा चकवा आहे तो ‘संस्कृती’ या एका शब्दाचा. लक्ष्मणशास्त्र्यांना ज्या ग्रंथासाठी अकादमीचा पुरस्कार मिळाला त्याचे नाव ‘वैदिक संस्कृतीचा विकास’. 1960 मध्ये राज्य शासनाने साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन केले, त्याचे पहिले अध्यक्षही लक्ष्मणशास्त्रीच, आणि विश्वकोशाचे काम याच मंडळाकडून सुरू झाले. दुसरीकडे महादेवशास्त्र्यांच्या कोशाचे नाव ‘भारतीय संस्कृतिकोश’ आणि तो सिद्ध करणारी पुण्यातील संस्था भारतीय संस्कृतिकोश मंडळ. संस्कृतीवर ग्रंथ लिहिणारे आणि संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद भूषवणारे शास्त्री जोशी एक, आणि संस्कृतिकोश रचणारे शास्त्री जोशी दुसरे. वाचकाच्या मनात या दोन धाग्यांची गाठ बसते ती येथे. दोघांचे आडनाव एक आहे म्हणून नव्हे, असे माझे ठाम मत आहे. आडनावे तर मराठीत शेकड्यांनी जुळतात, आणि चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथा वामन मल्हार जोशी यांच्या नावावर कोणी घालत नाही.

म्हणून दोघांनी ‘संस्कृती’ हा शब्द कोणत्या अर्थाने हाताळला, ते नीट पाहिले पाहिजे. लक्ष्मणशास्त्र्यांच्या ग्रंथात संस्कृती हा मीमांसेचा विषय आहे. वेदकाळापासून बौद्ध-जैनांच्या धर्मविचारापर्यंत आणि तेथून आधुनिक भारतातील आंदोलनांपर्यंत विचार कसा बदलत गेला, का बदलला आणि त्यातले काय टिकाऊ ठरले, हा त्यांचा प्रश्न आहे. ‘हिंदू धर्माची समीक्षा’ लिहिणाऱ्या या पंडिताने परंपरा तपासण्यासाठीच हाती घेतली. महादेवशास्त्र्यांच्या कोशात संस्कृती हा संग्रहाचा विषय आहे. देवदेवता, व्रते, सण, तीर्थक्षेत्रे, जातीजमाती, संत, राजवंश, कला, ग्रंथ, लोकाचार, जे जे भारतीयांनी जगून दाखवले ते नोंदीनोंदींनी मांडून ठेवावे, हा त्यांचा ध्यास होता. एखाद्या व्रताची कथा, ते कोठे कसे पाळतात, त्याचे उद्यापन कसे करतात, हे त्यांचा कोश सांगतो. ते व्रत आज पाळावे की नाही, या वादात पडणे हे त्याचे काम नाही. एका शास्त्र्याचे वाक्य दुसऱ्याच्या नावावर उद्धृत केले की केवळ तपशील चुकत नाही, भूमिकाच उलटीपालटी होते. धर्माची कठोर चिकित्सा करणारा लेखक भाविक संग्राहक ठरतो, आणि प्रेमाने गोळा करणारा लेखक समीक्षक ठरतो.

कोशांची घडणही वेगळी आहे. मराठी विश्वकोश हा शासकीय प्रकल्प आहे, त्याचे कार्यालय वाईला. पहिला खंड 1976 मध्ये निघाला आणि पुढील खंड कित्येक दशके निघत राहिले. त्यात अणूची रचना आहे, रोगांची लक्षणे आहेत, अर्थशास्त्र आहे, ग्रीक नाटकही आहे. विषयवार तज्ज्ञांनी लिहिलेल्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते. संस्कृतिकोश मात्र एका माणसाच्या संकल्पातून उभा राहिला. त्याचे 10 खंड 1962 ते 1979 या काळात प्रसिद्ध झाले. शासकीय यंत्रणा पाठीशी नसताना, सहकाऱ्यांची छोटी मंडळी सोबत घेऊन एका कथाकाराने हे काम तडीस नेले. मला स्वतःला नोंद शोधताना विश्वकोश अधिक उपयोगी पडतो, परंतु कोणतेही पान उघडून वाचत बसावे अशी ओढ संस्कृतिकोशाला आहे, आणि तिचे कारण संपादकाच्या कथाकाराच्या हातात आहे.

प्रकरण येथेच संपत नाही. लक्ष्मणशास्त्र्यांच्या संपादनाखाली वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून निघालेला ‘धर्मकोश’ हा तिसरा कोश. तो संस्कृतात आहे आणि त्यात धर्मशास्त्रविषयक मूळ वचनांचे संकलन आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1968 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘आयुर्वेदीय शब्दकोश’ वेणीमाधवशास्त्री जोशी आणि नारायण हरी जोशी यांचा आहे. म्हणजे शास्त्री जोशी तीन झाले, आणि ज्या संदर्भसूचीत नुसते ‘जोशी शास्त्री, कोश, खंड 1’ असे लिहिलेले असते, ती सूची वाचकाला कोठेच पोहोचवत नाही.

सूची करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, आद्याक्षरांचा मोह सोडून ‘जोशी, लक्ष्मणशास्त्री’ आणि ‘जोशी, महादेवशास्त्री’ अशी पूर्ण नावे लिहावीत. ‘तर्कतीर्थ’ ही न्यायशास्त्राची पदवी लक्ष्मणशास्त्र्यांची आहे. ती महादेवशास्त्र्यांना आदरापोटीही लावू नये. विश्वकोशातील नोंद उद्धृत करताना तिच्याखाली ज्याचे नाव आहे त्या लेखकाला श्रेय द्यावे, कारण प्रमुख संपादकाने प्रत्येक नोंद लिहिलेली नाही. शेवटची गोष्ट लेखनाची. ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ यातील ‘ती’ दीर्घ आहे, पण ‘संस्कृतिकोश’ या समासातील ‘ति’ ऱ्हस्वच आहे. महादेवशास्त्र्यांच्या कोशाच्या मुखपृष्ठावर जे नाव आहे ते ‘संस्कृतीकोश’ असे लिहून बिघडवू नये.