एका गोळीतली दोन औषधं

दाढ ठणकली, गुडघा धरला की घरातल्या स्ट्रिपमधली एक गोळी तोंडात टाकायची, ही आपली सवय. त्या गोळीत पुष्कळदा दोन औषधं असतात: आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. दोघांचं काम वेगळं, म्हणून इतर औषधांशी त्यांचं वाकडंही वेगवेगळ्या ठिकाणी येतं.

ॲस्पिरिनचं उदाहरण घ्या. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना गुठळी होऊ नये म्हणून बहुधा रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन असतं. प्लेटलेट म्हणजे रक्ताची गुठळी बनवणाऱ्या सूक्ष्म पेशी; त्यांच्यातल्या कॉक्स-१ या एन्झाइमच्या खोबणीत शिरून ते त्याला कायमचं बंद पाडतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवं एन्झाइम तिला बनवता येत नाही, त्यामुळे ते तिच्या उरलेल्या आयुष्यभर बंदच राहतं. आयब्युप्रोफेनही त्याच खोबणीत बसतं, पण तात्पुरतं. ते आधी जाऊन बसलं, तर ॲस्पिरिनला आत शिरता येत नाही. आणि ते उठेपर्यंत रक्तातलं ॲस्पिरिन जवळपास संपलेलं असतं. गोळी रोज नेमाने घेतली जाते, संरक्षण मात्र कमी पडतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्येच सांगितलं होतं की साधं ॲस्पिरिन घेतल्यावर निदान अर्ध्या तासाने आयब्युप्रोफेन घ्यावं, किंवा आयब्युप्रोफेननंतर ८ तास थांबून ॲस्पिरिन. आपल्याकडे सर्रास मिळणारं ॲस्पिरिन आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाचं असतं, त्याला हा हिशेब लागू पडत नाही. क्वचित एखादी आयब्युप्रोफेनची गोळी घेतल्याने फारसं बिघडत नाही. रोज लागत असेल तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं, कारण दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो. शौच डांबरासारखी काळी झाली तर डॉक्टरांकडे जायला थांबू नये.

मला जास्त काळजी वाटते ती बीपीच्या रुग्णांची. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी जोडगोळी अनेकांना असते. पहिलं किडनीच्या गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करतं, दुसरं शरीरातलं पाणी कमी करतं. अशा वेळी गाळणीतला दाब टिकतो तो आत येणारी वाहिनी रुंद राहते म्हणून, आणि ती रुंद ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनंच आयब्युप्रोफेन बनू देत नाही. त्यात जुलाब-उलट्या झाल्या, वय झालेलं असलं, तर किडनी अचानक बंद पडू शकते. लघवी कमी होणं, पाय सुजणं ही लक्षणं अंगावर काढू नयेत.

पॅरासिटामॉलचा घोळ साधा आहे: सर्दीच्या गोळीत ते असतं, तापाच्या ६५० च्या गोळीतही असतं. धडधाकट प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम; रोज दारू घेणाऱ्याची, यकृत बिघडलेल्याची त्याहून कमी. स्ट्रिपच्या मागचा बारीक मजकूर वाचून बेरीज करावी. वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर मात्र ही दोन औषधांची गोळी परस्पर घेऊच नये. आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि पॅरासिटामॉल सलग काही दिवस घेतलं तर आयएनआरही, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, चढू शकतो.