फोन घरात आहे, पण कुणाच्या हातात?

तंत्रज्ञान हा पुरुषांचा प्रांत, हा समज पुष्कळ उशिराचा आहे. फेब्रुवारी १९४६मध्ये अमेरिकेत ‘एनिॲक’ संगणक जगापुढे आला, तेव्हा त्याच्याकडून गणिते करून घेणाऱ्या सहा स्त्रिया होत्या. ना संगणकीय भाषा, ना पाठ्यपुस्तक. यंत्राचे आराखडे वाचून, तारा जोडून आणि स्विच फिरवून त्यांनी ते काम उभे केले. संगणक जगापुढे आला त्या रात्रीच्या मेजवानीला मात्र त्यांना बोलावणे नव्हते, आणि पुढे कित्येक वर्षे त्यांची नावेही कुणी घेतली नाहीत. १९५२च्या सुमारास ग्रेस हॉपर या अमेरिकी संगणकतज्ज्ञ बाईंनी पहिल्या कंपायलरांपैकी (माणसाने लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रणालींपैकी) एक तयार केला.

मग बायका मागे पडल्या कशा? ऐंशीच्या दशकात घरगुती संगणक आला तो मुलग्यांचे खेळणे म्हणून. जाहिरातीत मुलगा, आणि संगणक मुलग्याच्याच खोलीत. अमेरिकेत १९८४च्या आसपास संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुली सुमारे ३७ टक्के होत्या. नंतर हे प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली गेले.

१९९५च्या बीजिंग जागतिक महिला परिषदेच्या कृती आराखड्यात माध्यमे आणि संपर्कसाधनांना स्वतंत्र प्रकरण मिळाले. माहिती समाजावरील, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाने घडणाऱ्या समाजावरील, जिनिव्हा (२००३) आणि ट्युनिस (२००५) इथल्या शिखर परिषदांतही स्त्रिया आणि तंत्रज्ञान हा विषय निघाला.

पण खरी अडचण मोजणीत होती. ‘घरात फोन आहे का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ येते आणि घरातली बाई त्या ‘हो’मागे झाकली जाते. फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, तिला तो मागावा लागतो. माणशी मोजणी सुरू झाली तेव्हा चित्र उघडे पडले. २०१०च्या एका अहवालानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्त्रीकडे फोन असण्याची शक्यता पुरुषापेक्षा २१ टक्क्यांनी कमी होती.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ५.ब हे लक्ष्य आले: स्त्रियांच्या सक्षमीकरणासाठी तंत्रज्ञानाचा वापर वाढवणे. त्याचा निर्देशांक आहे स्वतःचा मोबाइल असलेल्या व्यक्तींचे प्रमाण, स्त्री-पुरुष वेगवेगळे. सिम दुसऱ्याच्या नावावर असले तरी चालते, फोन वैयक्तिक वापराचा हवा. ही व्याख्या मला फार मोलाची वाटते, कारण ती घराच्या उंबऱ्याआत शिरते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४मध्ये जगातले ७० टक्के पुरुष इंटरनेट वापरत होते, स्त्रिया ६५ टक्के. अल्पविकसित देशांत ही दरी कितीतरी रुंद आहे. फोनची किंमत, अक्षरओळख आणि ऑनलाइन छळाची भीती ही त्यामागची जुनीच कारणे. तिचा फोन दुसरे कुणी तपासते का, हे मात्र हा निर्देशांक विचारत नाही.