चाफा : जमीन आणि पाणी

पांढरा चाफा, लाल चाफा, खुरचाफा, देवचाफा ही प्लुमेरिया प्रजातीतील झाडांची रूढ नावे. कुळ करवीराचे, त्यामुळे फांदी मोडली की पांढरा चीक येतो. प्रजातीचे नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्ल्युमिये (१६४६–१७०४) यांच्यावरून पडले. सोनचाफा वेगळ्या कुळातला. त्याला ओलसर जमीन मानवते, म्हणून पुढील माहिती त्याला लावू नये.

मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे हे चाफ्याचे मूळ प्रदेश. तिथल्या लांबलचक कोरड्या ऋतूत तो पाने गाळतो आणि जाड, गरदार फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर तगून राहतो. लागवडीतला चाफा तहानेने क्वचितच मरतो. मरतो तो मुळाशी पाणी साचून.

कोकण-गोव्याच्या जांभ्या जमिनीत, विशेषतः उतारावर, निचरा आपोआप होतो. जून ते सप्टेंबर वरून पाणी देण्याची गरज नसते. दमट हवेत पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसते. हा तांबेरा, अशी पाने काढून लांब टाकावीत आणि पाणी पानांवर मारू नये.

देशावरच्या काळ्या मातीत खरी अडचण येते. खड्डा खणून त्यात वाळू-खत भरण्याची पद्धत इथे घातक ठरते, कारण भोवतालची चिकण माती पाणी सोडत नाही आणि खड्ड्याचे डबके होते. त्याऐवजी दीड फूट उंच, तीन-चार फूट रुंद उंचवटा करून वर रोप लावावे. निचरा तपासायला आधी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा, मग पुन्हा भरावा. चार तासांनीही पाणी उभे असेल तर उंचवट्याला पर्याय नाही.

कुंडीसाठी दोन भाग पोयटा, दोन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत पुरते. कोकोपीट फार घातले तर पावसाळ्यात मिश्रण वाळतच नाही. उन्हाळ्यात वरची दोन इंच माती सुकली की भरपूर पाणी द्यावे. जमिनीत रुजलेल्या झाडाला आठ-दहा दिवसांनी एकदा पुरते. नत्र जास्त झाले की पाने माजतात, फुले कमी येतात.

हिवाळ्यात पाने गळू लागली की अनेक जण घाबरून पाणी वाढवतात. निष्पर्ण झाड पाणी जवळजवळ ओढत नाही, त्यामुळे मुळे कुजतात. कुंडीला महिन्यातून एकदा थोडे पाणी बास. शेंड्याला नवी पाने फुटली की प्रमाण वाढवावे. फांदी सुरकुतली पण टणक असेल तर तहान समजावी. दाबल्यावर मऊ लागली, आतून काळपट निघाली, तर ती कूज. आतला भाग स्वच्छ दिसेपर्यंत फांदी कापत जावे.

छाटकलम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. फूट-दीड फुटाची फांदी आठ ते पंधरा दिवस सावलीत सुकवून, कापलेली जागा कोरडी पडल्यावरच तीन-चार इंच खोल रोवावी. चीक ओला असताना लावलेली फांदी बुडापासून सडते.

आखाती देशांत रेताड जमिनीतून पाणी चटकन निघून जाते, म्हणून तिथे पाणी लवकर लवकर द्यावे लागते. पाणी खारट असल्यास कुंडीत क्षार साचून पानांच्या कडा करपतात. अधूनमधून गोड्या पाण्याने माती धुऊन काढावी. खोडापासून चार बोटे जागा सोडून पाचोळा पसरावा. थंड देशांत रात्रीचे तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली जाण्याआधी कुंडी घरात घ्यावी आणि वसंतापर्यंत जवळजवळ कोरडी ठेवावी. हिमकणांनी शेंडे काळे पडतात, आणि ओल्या मातीत थंडी मुळांना अधिक बाधते.