हृदयगतीची परिवर्तनशीलता

हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधले अंतर सतत थोडे कमीजास्त होत असते. या चढउताराच्या मापाला हृदयगतीची परिवर्तनशीलता किंवा एचआरव्ही म्हणतात. नाडी मिनिटाला ७० असली, तरी प्रत्येक ठोका नेमका ८५७ मिलिसेकंदांनी पडत नाही. एखादे अंतर ८२० भरते, तर पुढचे ८९०. मनगटावर बोटे ठेवून सावकाश खोल श्वास घ्या. श्वास आत जाताना नाडी घाई करते, सोडताना रेंगाळते. तरुण, निरोगी माणसात हे सहज जाणवते. १८४७ मध्ये कार्ल लुडविग यांनी कुत्र्याच्या नाडीत हाच खेळ आलेखावर टिपला होता.

याचे मूळ स्वायत्त चेतासंस्थेत, म्हणजे आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या चेतांच्या जाळ्यात आहे. हृदयातील एसए नोड, म्हणजे ठोके सुरू करणारा पेशीसमूह, स्वतःच्या लयीत मिनिटाला सुमारे १०० ठोके देतो. विश्रांतीत तो मंदावतो, कारण शरीर शांत करणाऱ्या परानुकंपी संस्थेची व्हेगस चेता त्याला आवरून धरते. तिने सोडलेल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचा परिणाम जवळजवळ पुढच्याच ठोक्यात दिसतो आणि लगेच ओसरतो. शरीराला धावपळीस तयार करणाऱ्या अनुकंपी संस्थेच्या नॉरॲड्रेनलीनला मात्र काही सेकंद लागतात. म्हणून ठोक्यागणिक होणारा बदल हा मुख्यतः व्हेगसचा हात समजावा. ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखणारे ॲट्रोपीन दिल्यावर तो जवळपास नाहीसा होतो. प्रत्यारोपित हृदयाच्या चेता तुटलेल्या असतात. ते सुरुवातीला घड्याळासारखे एकसुरी चालते.

वैद्यकात या मापाला वजन आले ते रुग्णांमुळे. गर्भाचा जीव घाबरा होतो तेव्हा हृदयगती बदलण्याआधीच ठोक्यांमधली अंतरे बदलतात, हे हॉन आणि ली यांनी १९६३ मध्ये दाखवले. १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास मांडला. २४ तासांच्या ईसीजीवरील एसडीएनएन (ठोक्यांमधल्या सर्व अंतरांचे प्रमाण विचलन) ५० मिलिसेकंदांहून कमी असलेल्यांना मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांच्या पाचपटीहून जास्त होता. मधुमेहात चेतांना इजा झाली आहे का, हे पाहायला आजही मिनिटाला सहा खोल श्वासांची साधी चाचणी खाटेजवळच करता येते.

युरोपीय व अमेरिकी तज्ज्ञांनी १९९६ मध्ये मोजणीचे निकष ठरवले. आरएमएसएसडी हा आकडा शेजारच्या अंतरांतील फरकांवरून काढतात आणि तो व्हेगसच्या सर्वांत जवळ जातो. चढउतार किती वेगाने होतात त्यानुसारही त्यांचे पट्टे पाडतात: ०.१५ ते ०.४० हर्ट्झचा वरचा पट्टा श्वासाशी बांधलेला असतो. ०.०४ ते ०.१५ च्या खालच्या पट्ट्यात दोन्ही संस्थांचे काम मिसळलेले असते. त्यामुळे या दोन पट्ट्यांच्या गुणोत्तराला ‘ताणाचा तराजू’ म्हणणे चुकीचे आहे, जरी ते अजून सर्रास म्हटले जाते.

वय वाढले की आकडा उतरतो. अपुरी झोप, मद्य, ताप यांनीही तो खाली येतो. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना व्यर्थ; आपलाच, रोज एकाच वेळी, त्याच स्थितीत घेतलेला आकडा पाहावा. मोजण्यापूर्वी अवेळी पडलेले ठोके वगळावे लागतात, कारण पाच मिनिटांत असे दोनचार आले तरी आरएमएसएसडी फुगतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाची लय पूर्ण विस्कळीत होण्याच्या विकारात, तर तो भलताच मोठा येतो, आणि व्हेगसशी त्याचा संबंध उरलेला नसतो.